ड्रॉपर पोस्टची सीट डुलते, वर यायला अडते: घरी काय होतं आणि काय होत नाही

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला समजलं तसं मांडतो, चुकलं तर सांगा. गाव दर्यापूरकडचं. सायकल पुण्याहून जुनी घेतलेली. तिची ड्रॉपर पोस्ट, म्हणजे लिव्हर दाबून सीट खालीवर करता येणारी सीटखालची नळी, ३१.६ मिमीची, तारेवर चालणारी, तीन वर्षांची. पावसाळाभर ठीक होती. दिवाळीनंतर सीटचं टोक डावी-उजवीकडे मिळून अर्धा इंच हलायला लागलं, आणि लिव्हर दाबली की सीट अर्ध्यात अडते, मग हातानं ओढावी लागते. दर रविवारी बोअरच्या पाण्यानं धुता. सुकी वाटली म्हणून वरून घरचं जवसाचं तेल सोडलं. दोन दिवस लोण्यासारखी चालली, मग पहिल्यापेक्षा जड झाली. दुकानदारानं सांगितलं, नवीनच टाका, दहा हजार. आणि तुम्ही विचारता, "आतलं तेल कोणतं बदलू?"

तर पहिलं हे की तुमच्या प्रकारच्या पोस्टमध्ये तुम्ही बदलावं असं तेल नसतंच. तेल आहे, पण ते बंद कार्ट्रिजच्या, म्हणजे सीटला वर ढकलणाऱ्या सीलबंद नळकांड्याच्या आत, दाबलेल्या वायूबरोबर. ते आपल्या हाताचं काम नाही. दुसरं, तुम्ही एक बिघाड म्हणून जे सांगताय ते दोन वेगळे बिघाड आहेत. सीट डुलणं ही झीज आहे. वर यायला अडणं हे बहुतेक वेळा घाण, तार किंवा फ्रेममध्ये पोस्ट धरणारा, जास्त आवळलेला क्लॅम्प. दोन्ही एकदम दिसले म्हणजे पोस्ट मेली असं दुकानदाराला वाटतं, त्याचाही दोष नाही, त्याच्याकडे अशा पोस्टा वर्षाला दोन येत असतील.

माझं दुकान परतवाड्यात. पोटापाण्याचं काम फवारणीच्या पंपांचं, सायकली त्याच्या जोडीला. चिखलदऱ्याचा घाट चढायला येणारी पोरं खाली काही मोडलं की माझ्याकडे थांबतात, तिथून या पोस्टा हातात यायला लागल्या. पहिली उघडून ठेवली होती तेव्हा पंप घेऊन आलेल्या एका कास्तकार काकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे कायचं इंजेक्शन हाय बावा?" मला ते नाव इतकं पटलं की आजही गिऱ्हाइकाला समजावताना तेच वापरतो. इंजेक्शनच्या नळीत दट्ट्या खालीवर होतो, तशी बाहेरच्या नळीत आतली नळी. आतली नळी गोल, मग ती गरकन फिरायला हवी. फिरू नये म्हणून तिच्या बुडाला पितळेच्या बारक्या चाव्या बसवलेल्या असतात, सहसा तीन. तांदळाच्या दाण्याएवढ्या जाड, लांबीला त्याहून जास्त. त्या बाहेरच्या नळीच्या आतल्या उभ्या खाचांमधून सरकतात. वर आणि खाली एकेक बुश, नळी मागेपुढे डुलू नये म्हणून. सगळ्यात वर आटे असलेली कॉलर, तिच्यात धूळ अडवणारं रबरी सील. आणि पोटात कार्ट्रिज, जे सीटला वर ढकलतं आणि हवं तिथं धरून ठेवतं. बस, एवढाच संसार. फवारणीच्या पंपात याहून जास्त भाग असतात.

आता उघडण्याआधी. मी नेहमी बाहेरून आत जातो, कारण बाहेरचं फुकट असतं.

सायकलीची सीट पोस्टसकट फ्रेममधून बाहेर काढा, तार सोडवा, आणि बुडाशी तार जिथं अडकते तो छोटा घोडा बोटानं किंवा पान्याच्या टोकानं दाबा. सीट झपकन वर आली तर पोस्टला काही झालेलं नाही, दोष तारेत किंवा क्लॅम्पमध्ये. तशीच अडत अडत आली तर दोष पोस्टच्या आत. ही दोन मिनिटांची परीक्षा न करता पोस्ट उघडणारा मेकॅनिक पाहिला की मला राग येतो, आणि हा राग मी स्वतःवर काढून झालेला आहे. दोन वर्षांपूर्वी एकाच्या पोस्टच्या चाव्या मी दुपारभर कानसत बसलो. बाहेर टेबलावर ठेवली की मक्खन, सायकलीत घातली की अडायची. पुन्हा काढायची, पुन्हा कानस. संध्याकाळी लक्षात आलं की फ्रेमचा सीट क्लॅम्प मी माझ्या सवयीनं, म्हणजे पंपाचा नट आवळतात तसा, आवळत होतो. पोस्टची बाहेरची नळी पातळ ॲल्युमिनियमची. क्लॅम्पनं ती केसभर दबली तरी आतली नळी धरली जाते.

तो क्लॅम्प साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटरनं आवळायचा असतो. त्यासाठी टॉर्क रेंच विकत घ्यायची गरज नाही. तुमच्या घरी कापूस वेचणीला मोजायचा हुकाचा काटा असेलच. एल-कीचा आखूड हात बोल्टमध्ये घाला, लांब हातावर बोल्टपासून बरोबर १० सेंमीवर खूण करा, तिथं काट्याचा हुक अडकवून काटकोनात ओढा. काट्यावर ५ किलो दिसले की जवळजवळ ५ न्यूटन-मीटर झाले. फ्रेमवर किंवा क्लॅम्पवर वेगळा आकडा छापलेला असेल तर तो पाळा. एवढ्यावर पोस्ट खाली घसरत असेल तर आणखी आवळू नका. नळीवरचं तेल पुसा, फ्रेमच्या तोंडातली माती काढा. बहुतेकदा घसरण त्यानंच थांबते.

तारेचं थोडक्यात. ड्रॉपरला गिअरची १.२ मिमीची तार आणि ४ मिमीचं आउटर, म्हणजे तारेवरचं आवरण, लागतं. गावातल्या दुकानात ब्रेकची जाडी तार आणि ५ मिमीचं आउटर पटकन मिळतं, ते घालू नका. घोडा पूर्ण उघडत नाही किंवा पूर्ण मिटत नाही. तार ढिली असेल तर सीट मंद वर येते, जास्त ताणलेली असेल तर बसल्यावर हळूहळू खाली जाते. हँडलजवळच्या गोल स्क्रूनं अर्धा-अर्धा फेरा फिरवून पाहा. पावसाचं पाणी आउटरमधून उतरून खालच्या वळणावर साचतं, तार तिथंच गंजते. तार ओढून काढा. त्या जागी तपकिरी दिसली की बदलून टाका, फार तर साठ-सत्तर रुपये जातील.

पण तुमच्या बाबतीत मला वाटतं दोष आत आहे, आणि तो तुम्हीच घातलाय. रागावू नका.

जवसाचं तेल हे सुकणारं तेल आहे. क्रिकेटच्या बॅटला आणि लाकडी सामानाला ते का लावतात? हवा लागली की ते घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो, म्हणून. लाकडावर हवाच असतो तो पापुद्रा. तुमच्या पोस्टमध्ये पहिले दोन दिवस ते तेल होतं, नंतर त्याचा चिकट वार्निश झाला, त्यात आपली काळी माती बसली, आणि बुश, चाव्या, सील यांच्यामधल्या फटी भरल्या. करडईचं तेलही थोड्याफार फरकानं हेच करतं. खाण्याचं कोणतंच तेल या कामाचं नाही. चेन ऑइलही नाही. आणि गंज सोडवायला निळ्या डब्यातून फवारतात ते डब्ल्यूडी-४० तर नाहीच, ते आतलं ग्रीस धुऊन काढतं आणि स्वतःही टिकत नाही.

जाता जाता एक धोक्याची गोष्ट. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि तेलात भिजलेल्या सुती चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. या दिवसांत आपल्याकडे अर्ध्या घरात कापूस भरलेला असतो, त्यामुळे मुद्दाम सांगतो. चिंध्या अंगणात एकेक पसरून पूर्ण वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून ठेवा, मग फेका.

आता उघडायचं. घरात मोठं स्टीलचं ताट घ्या आणि त्यातच काम करा, नाहीतर चाव्या फरशीच्या फटीत जातात आणि तुम्ही दोन दिवस शोधता. मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढा. कॉलर हातानं फिरत नसेल तर पकड लावू नका. जुन्या ट्यूबची रबरी पट्टी दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळून फिरवा, सुटते. कॉलर आतल्या नळीवरून वर सरकवली की खाली बुश आणि सील दिसेल. नुसती मंद वर येणारी, न डुलणारी पोस्ट असती तर मी इथंच थांबलो असतो: पुसलं, ग्रीस दिलं, कॉलर परत बसवली. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त पोस्टांना एवढंच लागतं.

तुमची डुलतेय, त्यामुळे आतली नळी पूर्ण बाहेर यायला हवी. कार्ट्रिज कसं सुटतं हे मॉडेलवर आहे. कशात बुडाचा घोडा आट्यावर असतो, कशात वायरची कडी काढावी लागते, कशात सीटच्या बाजूनं स्क्रू असतो. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून इथं नेमकं सांगता येत नाही. नियम दोन. पोस्ट पूर्ण वर आलेल्या स्थितीतच सोडवायची, आणि आतल्या चकचकीत नळीला वाइस, पकड, पाना काहीही लावायचं नाही. तिच्यावर एक ओरखडा पडला की तो ओरखडा रोज सील कापतो.

नळी बाहेर आली की चाव्या तिच्या बुडाशी खाचांत बसलेल्या दिसतील. कोणती चावी कोणत्या खाचेतली, हे कागदावर मांडून ठेवा.

इथं मला तुमच्याकडून एक गोष्ट पाहून हवी आहे: बाहेरच्या नळीच्या उभ्या खाचांत पांढरी भुकटी आहे का? असेल असा माझा अंदाज आहे. तुमचं गाव खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्याचं बोअरचं पाणी किती खारं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, प्यायला तरी कोण घेतं? ते पाणी सीलखालून आत जातं, आणि आत काय आहे? पितळेची चावी ॲल्युमिनियमच्या खाचेला टेकलेली. दोन वेगळे धातू, मधे मिठाचं पाणी: शाळेत प्रयोगशाळेत केलेली बॅटरीच ती. या जोडीत खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. पांढरी भुकटी म्हणजे ते खाल्लेलं ॲल्युमिनियम. भुकटी स्वतःही कडक असते, ती मग चावीला घासते. म्हणजे तुमची पोस्ट चालवून जितकी झिजली नसेल तितकी धुऊन झिजली आहे. यापुढे सायकल ओल्या फडक्यानं पुसा, धुवायचीच तर नळाचं गोडं पाणी, आणि सीटखाली पाण्याची धार सोडू नका.

सफाई अशी. रबरी सील आणि ओ-रिंग आधी काढून बाजूला ठेवा, त्या फक्त साबणाच्या कोमट पाण्यानं धुवायच्या. धातूचे भाग रॉकेल मिळालं तर रॉकेलनं, नाहीतर डिझेलनं, आणि जवसाचा पापुद्रा निघेना तर थोड्या थिनरनं, अंगणात, चुलीपासून लांब. प्लास्टिकच्या बुशला थिनर लावू नका. शेवटचा हात मेडिकलवाल्याकडच्या स्पिरिटनं. खाचांसाठी उदबत्तीच्या काडीला कापड गुंडाळून घ्या, लोखंडी तार घालू नका.

आता डुलण्याचा हिशोब. पोस्टच्या मध्यापासून सीटचं टोक साधारण १४ सेंमी लांब, आणि चावी मध्यापासून सव्वा सेंमीच्या आसपास. म्हणजे चावीपाशी जितकी फट, त्याच्या अकरा-बारा पट टोकाशी दिसते. नवीन पोस्टलाही टोकाशी २-३ मिमी हलणं असतं, म्हणजे चावीपाशी पाव मिलिमीटरच्या आसपास. ते हलणं काढायच्या मागे लागू नका, तेवढी फट नसेल तर नळी सरकणारच नाही. तुमचा अर्धा इंच म्हणजे चावीपाशी १ मिमीच्या वर. पितळ इतकं एका पावसाळ्यात झिजत नाही. एकतर एखादी चावी मोडली आहे किंवा आपल्या जागेतून निघून पडली आहे, किंवा खाच खाल्ली गेली आहे. उघडल्यावर कळेल.

मॉडेल माहीत असेल तर आधी तयार चाव्यांचा संच मागवा. त्या मापाप्रमाणे क्रमांकाच्या येतात, अंगावर रेघा किंवा अंक असतात. जुना क्रमांक पाहून तोच, किंवा खाच थोडी झिजली असेल तर एक क्रमांक जाड. बदलताना तिन्ही एकदम. चाव्या घरी बनवायला मला आवडतात, पण आवडतात म्हणून ते पहिलं औषध नव्हे. मिळतच नसतील तर पुढचं वाचा.

पितळ कुठून आणायचं? जुन्या तीन-पिनी प्लगच्या भरीव पिना उत्तम. घरातल्या लहान प्लगची बारकी पिन ५ मिमीच्या आसपास जाड असते, त्यातून चावी आरामात निघते. चुंबक लावून पाहा, चिकटली तर ती वरून पिवळा मुलामा दिलेली लोखंडी आहे, ठेवून द्या. मोडक्या फवारणी पंपाच्या पितळी नळीचा जाड भागही चालतो. जुन्या चावीची जी बाजू झिजलेली नाही तिथं व्हर्निअरनं माप घ्या, आणि खाचेची रुंदी वर, मधे, खाली अशी तीन जागी घ्या. पिनेला कानशीनं चावीचा आकार द्या, पण रुंदी मापापेक्षा वहीच्या एका कागदाइतकी, म्हणजे जेमतेम ०.१ मिमी, जास्त ठेवा. इथून पुढे कानस बंद. खिडकीच्या काचेचा तुकडा सपाट ठेवा, त्यावर ओला वॉटर पेपर, आधी ३२० नंबरचा मग ६०० चा, आणि चावी एका बोटाखाली धरून आठाच्या आकड्यात फिरवा. दहा फेरे, माप. दहा फेरे, माप. पितळ मऊ असतं, बोलता बोलता जास्त जातं. मी एकदा चहाच्या नादात घालवली आहे.

एकेक चावी आधी एकटी तिच्या खाचेत सरकवून पाहा. मग तिन्ही बसवा. कार्ट्रिज न घालता, ग्रीस न लावता, बाहेरची नळी उभी धरा आणि आतली सोडा. ती स्वतःच्या वजनानं एकसारखी उतरली पाहिजे. एका ठिकाणी अडली तर चावीला काळ्या मार्करनं रंगवा आणि पुन्हा सरकवा. जिथं काळं घासून पितळ चमकतंय तिथंच अडतंय. तिथले चार फेरे काढा. अंदाजानं सगळीकडून घासलं की पुन्हा पहिल्यासारखी डुलणार.

खाच वरखाली नवी आणि मधेच झिजलेली असेल, जे नेहमी होतं, तर पूर्ण उपाय नाही. मधल्या मापाची चावी टोकाला अडेल, टोकाच्या मापाची मधे डुलेल. टोकाच्या मापानं करा आणि ४-५ मिमी हलणं सोसा. चालवताना ते बुडाला जाणवतही नाही, उभं राहून सीटला हात लावल्यावरच छळतं.

सीट मागेपुढे डुलत असेल तर मात्र चाव्यांचा संबंध नाही, तो बुशचा प्रश्न. तुम्ही फक्त डावी-उजवी लिहिलंय, तरी तपासा: सीट पूर्ण वर, एक हात कॉलरच्या जोडावर, दुसऱ्यानं सीट मागेपुढे हलवा. कॉलरपाशी टकटक जाणवली तर बुश. नवीन बुश मिळत नसेल तर जुन्याच्या मागे पातळ पट्टी घालता येते. यासाठी जुन्या एक्स-रेची फिल्म मला सगळ्यात भरवशाची वाटते. ०.२ मिमीच्या आत जाडी, कडक, पाण्यानं फुगत नाही. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथं एखादी पडलेली असतेच. अंगावरचा काळा थर साबणानं घासून काढा, बुशच्या उंचीची पट्टी कापा, बुशच्या बाहेरून एकच वेढा द्या, टोकं एकमेकांवर चढू देऊ नका. जास्त घट्ट झालं तर कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा घ्या, तो साधारण ०.१ मिमी असतो, पण त्याच्या कडा आधी वॉटर पेपरवर मारून घ्या.

धुळीचं सील फाटलं असेल तर त्या पोस्टचंच शोधत बसू नका. जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक सिलिंडरची सीलं विकणारी दुकानं अमरावती-अकोल्यात आहेत. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची ही तीन मापं सांगितली की डब्यातून काढून देतात. जुनं सील सोबत न्या. नुसती ओ-रिंग तर पाच-दहा रुपयांत येते.

ग्रीसचं. बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस इथं नको, ते थंडीत सीट अडवतं. रबराला त्रास न देणारं, हलकं ग्रीस हवं. सायकलीच्या सस्पेन्शनचं मिळालं तर तेच घ्या. नाहीतर आरओ फिल्टर दुरुस्त करणाऱ्याकडे ओ-रिंगला लावायचं सिलिकॉन ग्रीस असतं, त्याची छोटी डबी महिनोनमहिने पुरते. चाव्यांना, खाचांना, बुशला पातळ हात, सीलच्या ओठाला करंगळीनं एक फेरा. जास्त ग्रीस म्हणजे जास्त माती चिकटणार. आणि आपली काळी माती फक्त अडवते. घाटातला मुरूम मात्र ग्रीसमध्ये मिसळला की पॉलिश पेपरचं काम करतो. चिखलदऱ्याहून आलात की निदान कॉलरच्या वर दिसणारी नळी पुसून ठेवत जा.

इथवर घरचं काम. चाव्या विकत घेतल्या नाहीत तर माझ्या हिशोबानं खर्च तीनशेच्या आत, वेळ मात्र पूर्ण रविवार.

जे घरी होत नाही ते कार्ट्रिज. त्याची खूण सोपी आहे. सीट पूर्ण वर करून लिव्हर न दाबता तिच्यावर बसा. काही मिलिमीटर दबून, स्प्रिंगसारखी परत वर येत असेल तर वायू तेलात मिसळला आहे. किंवा सगळं स्वच्छ करून, तार सोडून, हातानं घोडा दाबूनही वर यायला जोर नसेल तर आतला दाब गेला. दोन्हींत उपाय एकच, नवीन कार्ट्रिज. जुन्याची पूर्ण लांबी आणि सीट किती खालीवर होते ते अंतर मोजून मागवा; पूर्ण पोस्टपेक्षा बरंच स्वस्त पडतं. जुनं कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, तापवायचं नाही. आत दाबलेला वायू आहे, दट्ट्या गोळीसारखा बाहेर येऊ शकतो. लेथवाला "करून देतो" म्हणाला तरी नाही.

आणि तुमची ती हातानं ओढायची सवय सोडा. लिव्हर न दाबता खाली बसलेली सीट वर ओढली, किंवा सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलली, की आत पोकळी होते आणि वायू सीलवरून तेलात शिरतो. चांगलं कार्ट्रिज असं खराब केलेलं मी पाहिलंय, धुताना सायकल सीटनं खुंटीला टांगून.

कार्ट्रिज खरंच गेलं आणि सध्या पैसे नसतील तरी सायकल बंद ठेवायचं कारण नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी सीट खालीवर करायची जी युक्ती बाजारात आणली तिच्यात कार्ट्रिज नव्हतंच; साध्या सीट पोस्टला एक स्प्रिंग आणि हातानं उघडायचा क्लॅम्प, एवढंच. आपण त्याहूनही गावठी करू. शेतात मोटारीच्या जोडणीतून उरलेला एक इंची पीव्हीसी पाइप असेल. सीट वर असताना कॉलरपासून सीटच्या डोक्यापर्यंत दिसणाऱ्या नळीच्या लांबीचा तुकडा कापा, त्याला एका बाजूनं उभी चीर द्या, आतली धार घासून घ्या, जुन्या ट्यूबचा तुकडा आत अस्तर म्हणून ठेवा, आणि फाकवून नळीवर चढवा. एक इंची बसत नसेल तर सव्वा इंची, वरून ट्यूबची पट्टी बांधून. वजन पाइपवर येतं, सीट खाली जात नाही. हा कायमचा इलाज नाही, उड्या मारायला तर मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या रविवारी चिखलदऱ्याला जायचंच आहे आणि तोवर चाव्या येणार नाहीत. मग या आठवड्यात फक्त सफाई आणि ग्रीस करा, क्लॅम्प काट्यानं आवळा, आणि पाइपचा तुकडा बॅगेत ठेवा. सीट बसल्यावर खाली जायला लागली तर चढाला तो लावा, माथ्यावर काढून टाका आणि सीट खाली करून उतरा. टोक डुलेल, डुलू द्या. पण उघडल्यावर दोनच चाव्या सापडल्या किंवा एक तुटलेली निघाली तर तशीच घालून घाट उतरू नका, तो तुकडा खाचेत आडवा अडकला तर नळी कायमची खरवडेल. अशा वेळी साधी पोस्ट टाकून या. जाताना परतवाडा लागतंच. काढलेल्या चाव्या कागदाच्या पुडीत सोबत आणा, व्हर्निअर माझ्याकडे आहे आणि तीन-पिनी प्लगांचा डबाही.